पुस्तकी किंमत एक रुपया

कॉमर्सच्या पदवीने मला आयुष्यात दोनच गोष्टी दिल्या. एक बँकेतली कारकुनी आणि दुसरी घसारा ही कल्पना. पैकी कारकुनीमुळे माझं लग्न झालं आणि घसाऱ्यामुळे लग्नानंतरचं बरंच काही समजत गेलं. ज्यांनी आर्ट्‌सला जाऊन काव्यशास्त्रविनोदात काळ घालवला त्यांच्यासाठी सांगतो. कोणतीही वस्तू विकत घेतली, की त्या दिवसापासून तिची किंमत उतरू लागते. दरवर्षी वहीत ती थोडी थोडी कमी करायची. असं करता करता एक दिवस ती शून्यावर येते. पण शून्य लिहिलं तर वस्तू वहीतूनच नाहीशी व्हायची, आणि वहीत नसलेली वस्तू कुणी घरी नेली तर विचारणार कुणाला? म्हणून तिची किंमत एक रुपया दाखवून ठेवायची पद्धत आहे. आमच्या शाखेतलं लोखंडी कपाट एक रुपया. भिंतीवरचं घड्याळ एक रुपया. मी बसतो ती खुर्ची एक रुपया. खुर्चीत बसणाऱ्याची किंमत वहीत धरत नाहीत, एवढंच समाधान.

तर या एक रुपयावर माझी गाढ श्रद्धा होती. ती अमेरिकेत एका ट्रकने घालवली.

आता, बँकेतला कारकून अमेरिकेत काय करत होता, असं तुम्ही विचाराल. माझ्या शाखाधिकाऱ्यांनीही तेच विचारलं होतं. उत्तर सोपं आहे. माझा मेव्हणा कॅलिफोर्नियात सॅन होजे या गावी असतो. त्याने मुलाची मुंज तिकडेच काढली आणि बहिणीला व भावोजींना तिकिटं पाठवली. मुंजीला मामा लागतो हे मला ठाऊक होतं, पण आत्याचा नवराही लागतो हे नव्यानेच कळलं. मी मार्चअखेरचा हिशेब संपवला, साठलेली रजा टाकली आणि निघालो.

निघताना अण्णांच्या पाया पडलो. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७८. आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकून होते, आणि कारकुनाला असावा तसा त्यांना एक छंद होता: प्रवासाचे बेत आखण्याचा. प्रवासाचा नव्हे, बेताचा. एका काळ्या डायरीत त्यांनी सातारा ते कन्याकुमारी असा बेत लिहून ठेवला होता. गाड्यांच्या वेळा, कुठे उतरायचं, कुठल्या धर्मशाळेत राहायचं, आणि सामानाची यादी. दर दोन-तीन वर्षांनी भाडं वाढलं की ते लाल शाईने आकडे दुरुस्त करायचे. आईने विचारलं की म्हणायचे, "रिटायर झालो की निघू." वयाच्या ५८व्या वर्षी ते नियमाप्रमाणे रिटायर झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. आता काठी घेऊन गच्चीपर्यंत जातात. आई गेली त्यालाही सहा वर्षं झाली. डायरी अजून कपाटात आहे.

"तिकडचं सगळं नीट बघून ये," अण्णा म्हणाले. "आणि रोज फोनवर सांग. उगाच 'मजेत आहोत' एवढंच सांगू नकोस. तपशील सांग."

सॅन होजेला पोचलो तर मेव्हण्याच्या दारात एक जुनाट ट्रक उभा होता आणि ट्रकच्या पाठीवर एक खोली. मला आधी वाटलं शेजारी कुणी बिऱ्हाड बदलतंय. मेव्हण्याची बायको शांतपणे म्हणाली, "ते आमचंच आहे." ज्या आवाजात आपल्याकडे बायका नवऱ्याच्या तंबाखूबद्दल बोलतात, तोच आवाज.

या प्रकाराला ट्रक कॅम्पर म्हणतात. आपल्याकडे भाजीबाजारात उभा असतो तो पिकअप डोळ्यांसमोर आणा. त्याच्या मागच्या हौद्यात एक छोटी खोली सरकवून बसवायची. खोलीत शेगडी, मोरी, बर्फाची पेटी, आणि समोरासमोर दोन बाकं. रात्री मधलं टेबल खाली पाडलं की त्याचाच पलंग होतो. आणखी एक पलंग पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर सज्जासारखा आलेला. मुक्कामाला पोचलात की खोलीच्या चार कोपऱ्यांना जॅक लावून ती उचलायची आणि खालून ट्रक काढून घ्यायचा. घर उभं राहतं, ट्रक भाजी आणायला मोकळा. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत कायद्याच्या दृष्टीने ही खोली घरही नाही आणि वाहनही नाही. ती ट्रकवर लादलेला 'माल' आहे. आत माणसं झोपलेली असली, चहा उकळत असला, तरी माल. आयुष्यात इतकी सरकारी व्याख्या मी आमच्या परिपत्रकातसुद्धा वाचली नव्हती.

मेव्हण्याचा ट्रक १९६६ सालची फोर्ड एफ-२५०, 'कॅम्पर स्पेशल'. म्हणजे ही खोली पेलावी म्हणून जादा दमाच्या स्प्रिंगा वगैरे घालून कारखान्यातूनच तयार आलेला. फोर्डने हा प्रकार १९६५ सालापासून काढला होता. वर बसवलेला कॅम्परही त्याच सुमाराचा. मी मनातल्या मनात घसारा काढला. साठ वर्षं. पुस्तकी किंमत एक रुपया. आणि मेव्हण्याने तो घेतला होता एवढ्या डॉलर्सना की त्यात साताऱ्याला एक गाळा आला असता.

"अरे, पण एवढे पैसे कशाबद्दल?"

"भावोजी, हे जुने झाले म्हणून तर महाग झाले."

कॉमर्सच्या तीन वर्षांत हे वाक्य मला कुठल्याही प्राध्यापकाने सांगितलं नव्हतं.

मुंज चार तासांत आटोपली. (मंगलाष्टकं झूमवरून पुण्याहून आली.) उरलेले तीन आठवडे मी ट्रकच्या सेवेत रुजू झालो. मेव्हणा दिवसभर कॉम्प्युटरवर बसून असं काही तरी करतो, की जे त्याला स्वतःलाही संध्याकाळी हातात धरून दाखवता येत नाही. म्हणून संध्याकाळी त्याला पाना लागतो. मला बँकेत हातात धरायला नोटा तरी असतात, पण त्या दुसऱ्याच्या. तेव्हा आम्ही दोघंही पाना धरायला एकाच आतुरतेने पुढे झालो.

या कॅम्परची शरीररचना ऐकण्यासारखी आहे. बाहेरून चकचकीत अॅल्युमिनियमचा पत्रा दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं, काय मजबूत वस्तू! पण आत सगळा लाकडी पट्ट्यांचा सांगाडा. त्यावर बाहेरून पत्रा ठोकलेला आणि आतून पातळ प्लायवुड. जिथे दोन पत्रे मिळतात तिथे एक धातूची पट्टी आणि तिच्याखाली लांबी. पहिली काही वर्षं लांबी मऊ असते. मग ती वाळते, चिरते, आणि पाणी आत शिरतं. बाहेरचा पत्रा तसाच चकचकीत आणि आतलं लाकूड कुजून भुसा. मेव्हण्याने एका कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो शिऱ्यात चमचा जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. मला आमच्या खात्यातल्या काही वरिष्ठांची आठवण झाली.

ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या सज्जात उजव्या कोपऱ्याला मोठा डाग होता. मेव्हण्याने तिथली पट्टी काढली, नवी चिकट टेप लावली, पट्टी परत बसवली. दोन दिवसांनी पाऊस आला आणि डाग ओला झाला. त्याने पुन्हा तोच कोपरा उघडला. पुन्हा टेप. पुन्हा ओला. तिसऱ्यांदा तो पाना घेऊन निघाला तेव्हा माझ्यातला कारकून जागा झाला.

"थांब," मी म्हटलं. "कॅशमध्ये फरक आला की तो दिसतो तिथे नसतो."

हे आमच्या धंद्यातलं वेदवाक्य आहे. संध्याकाळी पंचेचाळीस रुपये कमी दिसतात तेव्हा चूक संध्याकाळी झालेली नसते. फरकाला नऊने भाग जात असेल, तर कुठे तरी आकड्यांची उलटापालट झालेली असते, ७२चे २७ लिहिलेले असतात, आणि ते सकाळी साडेदहाला. तेव्हा शेवटापासून नव्हे, पहिल्या व्हाउचरपासून ताळा घ्यायचा. आम्ही पाण्याचा पाइप घेतला. मी आत बसलो, तो बाहेर. खालच्या सांध्यापासून सुरुवात करून एकेका सांध्यावर पाच-पाच मिनिटं पाणी सोडायचं आणि वर वर जायचं. पुढचे सगळे सांधे कोरडे निघाले. शेवटी पाइप छताच्या मागच्या टोकाला गेला आणि दहा मिनिटांनी माझ्या मानेवर पुढच्या कोपऱ्यातून गार थेंब पडला. दारातला रस्ता उताराचा. ट्रक नाकावर उभा. मागे छतावरच्या झरोक्याच्या बाजूने शिरलेलं पाणी लाकडाच्या पट्टीवरून आठ-दहा फूट चालत पुढे यायचं आणि भलत्याच ठिकाणी बदनामी व्हायची. त्या रात्री जेवताना मेव्हण्याने माझ्या पानात स्वतःहून तूप वाढलं. वीस वर्षांत प्रथमच सासरी माझ्या शिक्षणाचा उपयोग झाला होता.

मग फोनवर अण्णांना तपशील दिला. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पण माणसं घर सोडून ट्रकात का राहतात?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर शोधायला मला इतिहासात शिरावं लागलं.

या हौसेच्या मुळाशी मोठी मोठी माणसं आहेत. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, टायरवाले हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज. १९१४ ते १९२४ या काळात ही मंडळी उन्हाळ्यात मोटारी घेऊन रानात मुक्कामाला जात आणि स्वतःला 'भटके' म्हणवत. आता भटक्यांचं सामान पाहा. प्रत्येकाला स्वतंत्र तंबू. तंबूत एडिसनच्या बॅटरीवर चालणारे दिवे. स्वयंपाकाचं साहित्य वाहायला वेगळी गाडी आणि स्वयंपाकी. जेवायला भलंमोठं गोल टेबल, ज्याचा मधला भाग फिरवला की पदार्थ आपल्यापुढे येतो. १९२१ साली तर अमेरिकेचे अध्यक्ष हार्डिंग पंगतीला येऊन गेले. साधेपणाने राहायला किती नोकर लागतात, याची नोंद फोर्डसाहेबांच्या कुठल्या तरी वहीत असेलच. शेवटी बघ्यांची आणि बातमीदारांची गर्दी इतकी वाढली की एकांतात जाणंच अशक्य झालं आणि भटके घरी बसले.

पण त्याच फोर्डसाहेबांनी स्वस्त मोटार काढली होती, आणि ती घेऊन सामान्य माणसंही निघाली. १९१९ साली फ्लोरिडात टँपा इथे अशा लोकांनी संघटनाच काढली, 'टिन कॅन टूरिस्ट्‌स'. डबाबंद अन्न खायचं, मोटारीलाच तंबू बांधून राहायचं, आणि सभासदत्वाची खूण म्हणून रेडिएटरच्या टोपणावर एक रिकामा डबा लावायचा. यात मला आपली माणसं दिसली. ही मंडळी हॉटेलचं बिल पाहून दशम्या बांधून घेणाऱ्यांपैकी होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर अॅल्युमिनियम स्वस्त झालं, घरोघरी पिकअप आले, आणि हातात करवत धरता येणाऱ्या प्रत्येकाला वाटू लागलं, की आपणही त्यावर एक खोली बांधावी. १९५६ साली ४१,००० मैलांचे नवे हमरस्ते बांधण्याचा कायदा झाला. साठीच्या दशकात ही हौस ऐन भरात आली. आणि मग ऑक्टोबर १९७३. अरब देशांनी अमेरिकेचं तेल बंद केलं. पंपांवर रांगा लागल्या, १९७४च्या सुरुवातीला ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. लिटरला चार किलोमीटर जाणारं घर घेऊन कोण निघणार? कॅम्पर परसात गेले. कुणाच्या त्यात कोंबड्या आल्या, कुणाच्या त्यात ख्रिसमसचं सामान. पुस्तकी किंमत एक रुपया.

पण अण्णांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं ते मेव्हण्याच्या घरापासून साठ मैलांवर.

कॅम्पर कोरडा ठणठणीत झाल्यावर पहिला प्रवास ठरला तो सॅलिनासचा. जॉन स्टाइनबेक या लेखकाचं हे जन्मगाव. मी आणि मेव्हणा ट्रकमध्ये. बायका मागून वातानुकूलित मोटारीतून. "तुमच्या त्या फडताळात आम्ही बसणार नाही," असा आमच्या सौ.चा निर्णय होता. ट्रकला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. वळण आलं की मेव्हणा जात्यावर बसल्यासारखा दोन्ही हातांनी चाक ओढायचा. गिलरॉय गावाजवळ लसणाचा वास सुटला. तिथे लसणाचा मोठा व्यापार आहे. माझ्या पोटात भूक उसळली. मेव्हण्यानेही मान डोलावली आणि गाडीतून न उतरता खाणं देणाऱ्या एका दुकानाच्या रांगेत ट्रक घातला.

आता, आमच्या डोक्यावर एक खोली आहे हे आम्ही दोघंही विसरलो होतो. ट्रकसमोर काचेजवळ मेव्हण्याने स्वतःच्या हाताने 'उंची दहा फूट' अशी चिठ्ठी चिकटवली होती. दुकानाने टांगलेल्या दांड्यावर 'नऊ फूट' असं लिहिलं होतं. दोन्ही पाट्या मी वाचल्या. वजाबाकी करेपर्यंत 'टण्' असा आवाज झाला. मागे सात गाड्या. मी खाली उतरलो आणि आयुष्यभर एसटीत ऐकलेलं ज्ञान कामाला आलं. "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडे घ्या... बास, बास, बास!" मागच्या गाड्यांतले अमेरिकन माझ्या हातवाऱ्यांप्रमाणे शिस्तीत मागे गेले. दोघांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या मोटारीत आमच्या सौ. दुसरीकडेच बघत होत्या.

सॅलिनासला स्टाइनबेक यांचं स्मारक-संग्रहालय आहे. १९९८ साली उघडलं. आत एक हिरवा जीएमसी ट्रक उभा आहे आणि त्याच्या पाठीवर कॅम्पर. हा या साऱ्या कुळाचा मूळपुरुष नव्हे, पण कुलदैवत नक्की. स्टाइनबेकने त्याचं नाव ठेवलं होतं 'रोसिनान्ते', म्हणजे डॉन किहोतेचं मरतुकडं घोडं. वयाच्या ५८व्या वर्षी, सप्टेंबर १९६० मध्ये, हा मनुष्य या ट्रकमध्ये चार्ली नावाचा म्हातारा पूडल कुत्रा घेऊन निघाला. आदल्या वर्षी मोठ्या दुखण्यातून उठला होता. लोक म्हणत होते, आता जपून राहा. पण जपून राहण्यात दोन वर्षं जास्त मिळतील आणि त्या दोन वर्षांत करायचं काय, तर जपून राहायचं, हा हिशेब त्याला पटेना. त्याने अमेरिकेला वळसा घातला, जवळजवळ १०,००० मैल, म्हणजे १६,००० किलोमीटर. त्यावरचं 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे पुस्तक १९६२ साली आलं आणि त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिक मिळालं.

५८ हा आकडा वाचून मी काचेसमोर जरा थांबलो.

या प्रवासातल्या दोन गोष्टी मी लगेच अण्णांसाठी टिपून घेतल्या. एक, नायगाऱ्याजवळ तो कॅनडात शिरायला गेला तर कुत्र्याला लस टोचल्याचा दाखला नाही, म्हणून परतताना अडवतील असं कळलं आणि त्याला मागे फिरावं लागलं. नोबेल मिळण्याच्या लायकीचा माणूस, पण केवायसी अपुरी. दुसरी, त्याची धुलाईची युक्ती. झाकणाच्या मोठ्या बादलीत कपडे, पाणी आणि साबण घालायचा, बादली दणकट रबरी दोरीने टांगायची आणि गाडी हाकायची. दिवसभरच्या धक्क्यांनी कपडे आपोआप धुतले जातात. मला वाटतं, आपले रस्ते त्याच्या पाहण्यात असते तर त्याने घोंगडीसुद्धा धुतली असती.

पुढे २०१० साली एक अमेरिकन पत्रकार त्याच मार्गाने फिरला, कागदपत्रं तपासली आणि त्याने जाहीर केलं, की स्टाइनबेक बऱ्याच रात्री कॅम्परमध्ये नव्हे तर चांगल्या हॉटेलांत झोपला होता आणि प्रवासाचा बराच भाग बायको बरोबर होती. मला त्या पत्रकाराचा राग आला नाही. प्रवासभत्त्याचं बिल तपासणारा मनुष्य प्रत्येक खात्यात असतोच. आमच्याकडे बिलात असलेला प्रवास घडलेलाच नसतो. इथे निदान मैल तरी खरे होते. आणि बायको मागून वातानुकूलित सोयीने येत असेल तर तो तपशील न लिहिण्याचा मोह मलाही समजतो.

पण मला घेरलं ते दुसऱ्याच एका ट्रकने. तो संग्रहालयाच्या दारात नव्हे, पुस्तकात आहे. याच लेखकाची १९३९ची कादंबरी 'ग्रेप्स ऑफ रॉथ'. ओक्लाहोमातलं एक शेतकरी कुटुंब. दुष्काळ आणि कर्ज. जमीन बँकेने घेतलेली. (इथे मी इकडेतिकडे पाहिलं.) ते जुनी हडसन मोटार घेतात, तिचा मागचा भाग कापून ट्रक करतात आणि घरातलं सगळं त्यावर लादून कॅलिफोर्नियाला निघतात. म्हातारा आजोबा जमीन सोडून यायला तयार नसतो. त्याला कॉफीतून गुंगीचं औषध पाजून ट्रकवर चढवतात. तो पहिल्याच मुक्कामात मरतो. आजी वाळवंट ओलांडताना ट्रकवरच जाते. ही कादंबरी आली तेव्हा त्याच्याच गावातले बरेच लोक त्याच्यावर चिडले होते. आता त्याच गावात त्याचा ट्रक पाहायला तिकीट लागतं. गावाच्या वहीतसुद्धा किंमत बदलते, पण बहुधा माणूस गेल्यावर.

म्हणजे एकाच लेखकाने जगाला दोन ट्रक दिले. एक घर नाही म्हणून निघालेल्यांचा आणि एक घर असून निघालेल्याचा. आपल्याकडेही दिवाळीच्या आगेमागे बीडकडून साखर कारखान्यांकडे निघालेले ट्रक दिसतात. वर भांडीकुंडी, शेळी, पोरं, आणि सगळ्यात वर एक म्हातारी. त्यांना कुणी कॅम्पर म्हणत नाही. आणि मेव्हण्याचा लाडाने रंगवलेला सज्जा पाहून त्या म्हातारीला काय वाटलं असतं, हे मी त्याला विचारलं नाही. त्याने नवी टेप फार निगुतीने लावली होती.

त्या रात्री आमचा मुक्काम पिनॅकल्स नॅशनल पार्कच्या कॅम्पग्राउंडवर होता. तिथे कॉन्डर नावाची प्रचंड गिधाडं आहेत. ती आमच्या ट्रकवर घिरट्या घालत होती. बहुधा घसारा काढत असावीत. बायका गावातल्या हॉटेलात. आम्ही गॅसचा दिवा लावला, खिचडी केली, टेबलाचा पलंग केला. मध्यरात्री पाऊस आला. पत्र्यावर असा वाजू लागला जसा लहानपणी सातारच्या घरी वाजायचा. मी उठून बसलो आणि उजव्या कोपऱ्यावर टॉर्च धरून वाट बघत राहिलो. अर्धा तास. एक तास. एक थेंब नाही.

"भावोजी, झोपा की."

"ताळा जुळला रे," मी म्हटलं.

पण झोप आली नाही. स्टाइनबेकच्या थोरल्या मुलाने पुढे सांगितलं होतं, की वडिलांना दिवस थोडे राहिलेत हे कळलं होतं आणि ते आपल्या देशाचा निरोप घ्यायला निघाले होते. १९६८ साली ते गेले. ५८व्या वर्षी एक मनुष्य निघाला आणि ५८व्या वर्षी दुसऱ्या एका माणसाची डायरी कपाटात गेली. आम्ही मंडळी इतकी वर्षं काय करत होतो? तर जपत होतो. अण्णांना जिना नको, अण्णांना वारा नको, अण्णांना दगदग नको. पुस्तकी किंमत एक रुपया. वहीतून नाहीसे होऊ नयेत एवढीच काळजी. लाकूड बदलता येतं का, हे कुणी पाना घेऊन पाहिलंच नव्हतं.

स्टाइनबेक सबंध देश हिंडला आणि शेवटी स्वतःच्या न्यूयॉर्कमध्ये पोचल्यावर रस्ता चुकला; पोलिसाला तसं सांगावं लागलं. मीही परत आलो आणि स्वतःच्या घरात चुकलो. अण्णांसमोर बसून कसं विचारावं ते कळेना. शेवटी सरळ म्हटलं, "अण्णा, या वेळची एलएफसी शिल्लक आहे. कन्याकुमारीला जायचं का?"

आमच्या सौ.नी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे घाईघाईने तपशील सांगितले. नात्यातल्या एकाची मोठी गाडी आहे, मागची आसनं काढून आडवं पडायची सोय होते, रोज दीडशे किलोमीटरच्या वर जायचं नाही, डॉक्टरांशी बोललोय, ते हो म्हणालेत.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता मी कसला येतो? तुम्हांला अडचण." आणि काठी घेऊन आत गेले. मला वाटलं संपलं. सौ. हळूच म्हणाल्या, "निदान विचारलंत तरी."

दहा मिनिटांनी कपाट उघडल्याचा आवाज आला. मी आत डोकावलो. अण्णा टेबलाशी बसले होते. काळी डायरी उघडी. उजवा हात नीट चालत नाही म्हणून डाव्या हाताने, लाल शाईने, गाड्यांच्या वेळांवर एक एक रेघ ओढत होते. मी मागून वाकून पाहिलं. जुनी सामानाची यादीही खोडली होती, होल्डॉल, स्टोव्ह, फिरकीचा तांब्या, सगळं. खाली नवी यादी सुरू केली होती. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, पण वाचता येत होतं.

१) बादली. झाकणासह.